मोटारसायकल लावायची कुठे, आणि उचलली किंवा चोरीला गेली तर कोणते कागद लागतात

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास यावलकडचे एक काका आमच्या सेवा केंद्रात आले. हातात किल्ली होती, गाडी नव्हती. दवाखान्यात भरती असलेल्या भाच्याला बघायला वीस मिनिटं वर गेले, तेवढ्यात फाटकाशेजारून गाडी उचलली गेली. पाचशे रुपये दंड भरायला ते तयार होते. पण आरसी बुकावर नाव धुळ्याच्या एका माणसाचं होतं. आठ वर्षांपूर्वी घेतलेली गाडी, पैसे रोख दिलेले, नावावर करायची राहून गेलेली. काका म्हणाले, "भाऊ, गाडी मनी शे, पन कागदवर नाव दुसरानं शे." ती गाडी सोडवायला चार दिवस लागले.

अशी माणसं आठवड्याला दोन-तीन तरी येतात. म्हणून गाडी कुठे लावावी हे थोडक्यात सांगतो आणि कागदांवर जास्त लिहितो. अडतं ते कागदांवरच.

लावायची कुठे

'पी'चा फलक आणि त्यावर दुचाकीचं चित्र असेल तिथे, पांढऱ्या पट्ट्याच्या आत. बाजारपेठेच्या रस्त्यांवर सम-विषम तारखेचा फलक असेल तर आज कोणती बाजू हे आधी बघा. काल लावली होती म्हणून आजही त्याच बाजूला लावणारे बरेच जण सापडतात.

फलक नसला म्हणजे कुठेही चालतं असं नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांप्रमाणे फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांवर, बस थांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या प्रवेशद्वाराशी आणि चौकाच्या कडेपासून ५० मीटरच्या आत गाडी लावता येत नाही. जळगावात टॉवर चौक किंवा नेहरू चौकात उभे राहून ५० मीटर नजरेने मोजून बघा, म्हणजे आपण रोज कुठे गाडी लावतो ते कळेल. काकांची गाडी दवाखान्याच्या फाटकाशीच होती. तिथे फलक नव्हता, पण नियम होता.

दुकानदाराने स्वतः रंगवलेला 'नो पार्किंग'चा बोर्ड हा सरकारी आदेश नव्हे. तरी कुणाचं प्रवेशद्वार अडवलं तर बोर्ड असो-नसो, चूक आपलीच. उलट, दुकानासमोरचा रस्ताही दुकानदाराच्या मालकीचा नाही. तिथे बादली ठेवून जागा धरण्याचा हक्क त्याला नाही.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नव्या व्यापारी इमारतींना दुचाकींसाठी ठरलेली जागा सोडावी लागते. नकाशा त्या अटीवरच मंजूर होतो. मग तळघरात गोदाम कसं उभं राहतं आणि गिऱ्हाईकाची गाडी रस्त्यावर का येते, हे विचारण्याचा अधिकार दंड भरणाऱ्याला आहे. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. मागणारे मात्र फार थोडे, आणि अधिकाऱ्यांना त्याची सवय झाली आहे.

दहा तासांचा गैरसमज

भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून अपडाऊन करणारे हमखास सांगतात, "दहा तास गाडीला हात लावता येत नाही, कायद्यात आहे." कायद्यात वेगळं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ मध्ये दोन गोष्टी 'किंवा' या शब्दाने जोडल्या आहेत: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी. मनाईच्या जागी दहा मिनिटंही फार झाली. आणि मोकळ्या रस्त्यावरसुद्धा सकाळी सातला लावून संध्याकाळी सातला घेणाऱ्याचे बारा तास होतात, म्हणजे तो पहिल्या भागातही सापडतो.

उचलण्याचा किंवा जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातल्या पोलिसाचाच लागतो. गाडी ओढणाऱ्या कामगाराने परस्पर ठरवायचं नसतं. उचलण्याचा खर्च मालकावर पडतो आणि दंड वेगळा. चुकीच्या पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १,५०० पर्यंत. पैसे दिले की पावती मागा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, समोरचा कितीही घाईत असला तरी.

रेल्वेच्या हद्दीतलं प्रकरण निराळं. स्टेशनच्या आवारात नको तिथे लावली तर रेल्वे सुरक्षा दल रेल्वे कायद्याच्या कलम १५९ खाली कारवाई करतं. शहर वाहतूक शाखेत चौकशी करून तिथे काही हाती लागत नाही. आधी गाडी कोणाच्या हद्दीत होती हे नक्की करा, मग धावपळ करा.

सोडवायला काय लागतं

आरसी, लायसन, विमा, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला). हे चारही कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ पासून तशी तरतूद आहे. पण ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधले हवेत. व्हॉट्सॲपवर मुलाने पाठवलेला फोटो हा कागद नव्हे. तो नाकारला तर पोलिसाशी वाद घालून उपयोग नाही.

डिजिलॉकरमध्ये आरसी येत नाही ही रोजची तक्रार. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आधारवर नाव पूर्ण, आरसीवर आडनाव आधी किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. नाव जुळलं नाही की डिजिलॉकर आरसी देत नाही. अशा वेळी एम-परिवहनमध्ये चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून प्रयत्न करा. ते आकडे जुन्या विमा पॉलिसीवर छापलेले असतात. हे सगळं घरी बसून आज करा. गाडी उचलल्यावर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघणारी माणसं मी रोज पाहतो.

पार्किंगचा दंड पाचशेचाच, पण गाडी सोडवताना बाकीचे कागद निघतात आणि विमा संपलेला असला तर पहिल्या वेळेचे २,००० रुपये वेगळे लागतात. पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानकं) गाड्यांना दर वर्षी, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी.

दुसऱ्याच्या नावावरची गाडी

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात. एमएच १८, एमएच १९ आणि एमएच ३९ या तीन नंबरांमध्ये म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये, गाड्या मामाकडून भाच्याकडे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातात. कागद जुन्या मालकाच्या नावावरच राहतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. लोकांना वाटतं की मुदत फक्त घेणाऱ्याला आहे. विकणाऱ्यांनो, नाव बदलेपर्यंत त्या गाडीची चलनं तुमच्या मोबाइलवर येतील आणि अपघात झाला तर पहिली नोटीस तुमच्या दारात येईल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या लागतात. सौदा झाला त्याच दिवशी विकणाऱ्याची सही घ्या. आठ वर्षांनी तो माणूस सुरतेला गेलेला असतो.

कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. तो आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन उतरवावा लागतो. पत्रावर मुदत लिहिलेली असते. ती संपली की बँकेत पुन्हा चकरा.

वडील गेले आणि गाडी मुलगा चालवतो, हेही घरोघरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ प्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि मृत्यूच्या तारखेपासून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. लोक तीन महिने वारस दाखला हातात आल्यापासून मोजतात आणि उशीर होतो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, मला कळतं. म्हणून घरातल्या जाणत्या माणसाने तेवढी तारीख लिहून ठेवावी. आता जिवंतपणीच आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं, ते टाकून घ्या.

गाडी जागेवर नसेल तर

आधी वाहतूक शाखेत विचारा, उचललेली नाही ना. नसेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. तिथे "दोन दिवस शोधा, सापडेल" असं सांगून साधा तक्रार अर्ज घेतात आणि त्यावर शिक्का मारून देतात. माणूस समाधानाने घरी येतो. तो शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे, आणि विमा कंपनीला एफआयआरच हवा. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदतात. प्रतीवर गुन्हा क्रमांक आणि कलम आहे का ते बघा. प्रत फुकट मिळते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ती केली नाही तर तक्रार तशीच लटकते. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी अर्ज पाठवा. तोही कायद्याने दिलेलाच मार्ग आहे.

आता विम्याकडे वळू. इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो. २०२२ ची गाडी, पॉलिसीवर २०२७ लिहिलेलं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ती पाच वर्षं थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपली स्वतःची गाडी चोरीला गेली तर पैसे देणारा भाग बहुतेक पॉलिसींत फक्त पहिल्या वर्षाचा असतो आणि पुढे दर वर्षी वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसी काढा आणि बोट ठेवून वाचा: एकाच पानावर दोन तारखा असतात, 'ओन डॅमेज' समोरची आणि 'थर्ड पार्टी' समोरची. चोरीसाठी पहिली तारीख बघायची. शोरूमवाले हे सांगत नाहीत.

गाडी घेऊन नावावर केली नसेल, तर चोरीचा दावा तिथेच संपतो. आरसीबरोबर विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा असतो.

आणि कुणाकडेच नसलेली गोष्ट: दुसरी किल्ली. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक जरी नसली तरी किल्ली गाडीलाच राहिली होती असा संशय घेतात. हरवली असेल तर आजच हरवल्याची नोंद करा, लॉक बदला आणि त्याची पावती ठेवा. मूळ आरसी डिकीत ठेवू नका, गाडीबरोबर तीही जाते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. एफआयआर लगेच झाला असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तरी कंपन्या ते कारण पुढे करतात. शेवटी तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल, म्हणजे 'अ समरी' लागते. तिला महिने लागतात, म्हणून पाठपुरावा सोडू नका. गाडी सापडली तर ती न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याचं आणि मागाल तेव्हा हजर करण्याचं लेखी देऊन मिळते, आणि तिथेही पहिला प्रश्न आरसीवरच्या नावाचाच असतो.

स्टँडवर लावली तर

जास्त वेळ लावायची असेल तर पैसे देऊन स्टँडवरच लावा. हँडल लॉक करा आणि पुढच्या चाकाला साखळी घाला. मासिक पास घेताना महिना घेतल्या तारखेपासून मोजतात की एक तारखेपासून, ते पासवर वाचा, आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. नंबर नसलेल्या पासावर गाडी तिथे होती हे सिद्ध करता येत नाही. रेल्वे स्टँडवर जादा पैसे घेतले तर रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर तक्रार करा. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ मध्य रेल्वेत येतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर पश्चिम रेल्वेत. लेखी अर्ज योग्य विभागाकडे गेला नाही तर नुसता फिरत राहतो.

पावतीवर 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं असतं आणि लोक तिथेच हात टेकतात. पैसे आणि ताबा घेऊन गाडी सांभाळणाऱ्याला योग्य ती काळजी घ्यावीच लागते, करार कायद्याचं कलम १५१ तेच सांगतं. एका हॉटेलमधून गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं की, अशी ओळ छापून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती मात्र लागते. आणि मशीनमधून निघालेली पावती आपल्याकडच्या मे महिन्यात शर्टाच्या खिशात दोन दिवसांत पांढरी पडते. म्हणून हातात पडताच तिचा फोटो काढा, मागे गाडीचा नंबर दिसेल असा.