‘विश्वसनीय तक्रार आलेली नाही’: घरझडतीची पुण्यातली पार्श्वभूमी

परकी फौज घराघरांत शिरून झडत्या घेते तेव्हा बातमीचे दोन तुकडे ठरलेले असतात. आधी आतल्या माणसांची गाऱ्हाणी, मग लष्कराचा खुलासा: आमच्याकडे विश्वसनीय तक्रार आलेली नाही. पुणेकराला हा खुलासा ओळखीचा वाटायला हवा. १८९७ साली वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीनं आपल्या अहवालात जवळपास हेच लिहून ठेवलंय. जाणूनबुजून बाईच्या अब्रूला धक्का लावल्याची विश्वसनीय तक्रार आली नाही, याचं समितीला समाधान वाटलं होतं.

तेव्हा युद्ध नव्हतं, गाठीची साथ होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. इनमिन चार कलमं. त्यातलं चौथं असं की, या कायद्याखाली सद्हेतूनं केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे झडती सुरू व्हायच्या आधीच कोर्टाची वाट बंद. (मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्रात हाच कायदा बाहेर काढला गेला.) ८ मार्चला समिती नेमली, अध्यक्ष रँड. १२ तारखेला डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी-शिपाई या कामावर आले, आणि दुसऱ्याच दिवसापासून पेठांत झडत्या सुरू झाल्या. रोग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच आठवड्यात, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

झडती म्हणजे नेमकं काय, हे कळायला जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा लागतो. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, देवघर. परका माणूस ओसरीवर थांबतो. माजघराचा उंबरा ओलांडायचा तर नातं लागतं. शिपाई बूट घालून थेट आत गेले. ते रोगी शोधत होते आणि घरचे लोक रोगी लपवत होते, कारण सापडला की त्याला संगमाजवळच्या इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत. गाठ येते काखेत आणि जांघेत, म्हणून तपासणीही तिथेच. बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी होत्या. कपडेलत्ते पेटवले जात, जमीन उकरली जाई, भिंतींना चुना फासला जाई. तुकडीबरोबर एखादा देशी गृहस्थ असावा अशी सोय होती खरी, पण त्याचं काम समजावण्याचं, अडवण्याचं नव्हे.

आता तक्रार करायची कोणी? माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलं. ‘माझ्या अंगाला हात लावला’ असं पेठेतल्या बाईनं चारचौघांत, तेही साहेबापुढे, नावानिशी सांगायचं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या वर्तमानपत्राला सांगितलं की, शिपायांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. पार्लमेंटात गदारोळ झाला. पुरावा मागितला गेला, पण पुण्यात कोणी पुढे येईना. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अशा वेळी पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगणं म्हणजे त्यांना पोलिसांच्या तोंडी देणं. एकतीस वर्षांच्या गोखल्यांनी परतल्यावर ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली. पुण्यात अनेकांना ती रुचली नाही, आणि सरकारला तर ती हवीच होती. सिद्ध करता आलं नाही आणि घडलंच नाही, यांतला फरक त्या गडबडीत पुसला गेला.

बाकीचं शाळेतल्या पुस्तकात असतं: टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा, रँडवर गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंना फाशी. त्यातली एक तारीख मात्र बघण्यासारखी आहे. बाळकृष्ण चापेकरांना येरवड्यात १२ मे १८९९ रोजी फाशी झाली, आणि सहाच दिवसांनी, १८ मे रोजी, हेग शहरात युद्धाचे नियम ठरवणारी परिषद भरली. तिथल्या ४६ व्या कलमानं व्यापलेल्या मुलखात कुटुंबाची अब्रू, लोकांचा जीव, खासगी मालमत्ता आणि धर्माचार यांचा मान राखण्याचं बंधन सैन्यावर घातलं. ब्रिटनही त्या परिषदेत होतं. पुण्याला ते कलम लागू नव्हतंच. पुणेकर कागदोपत्री राणीचीच प्रजा. बलात्काराचा स्पष्ट उल्लेख यायला १९४९ चा चौथा जिनिव्हा करार आणि त्याचं २७ वं कलम यावं लागलं.

आणि नाव न सांगता तक्रार करण्याची सोय? तीही हेगमध्येच झाली. बोस्नियातल्या फोचा गावातल्या बायकांवरच्या अत्याचाराचा निकाल संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं २२ फेब्रुवारी २००१ रोजी दिला. तिघे दोषी ठरले. बायका कोर्टात येऊन बोलल्या, उलटतपासणीलाही उभ्या राहिल्या; निकालपत्रात त्यांच्या नावांच्या जागी ७५, ८७ असे क्रमांक आहेत.