व्यवसायसमाधान, परदेशस्थ मदतकर्मींचे

युद्ध, दुष्काळ, साथ वा विस्थापनाने ग्रासलेल्या प्रदेशात दुसऱ्या देशातून ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या मदतकर्मींना आपल्या एकूण कारकीर्दीविषयी वाटणारे समाधान. कार्यसमाधान ही याहून वेगळी संकल्पना होय. हातातले काम मनाजोगते आहे, पण कारकीर्द कुठेच पोहोचत नाही, अशी अवस्था या पेशात अपवादात्मक नाही.

हा पेशा केव्हा सुरू झाला, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचा आरंभ १८६४ च्या श्लेस्विग युद्धात आहे. आदल्या वर्षी जिनीव्हात स्थापन झालेल्या समितीने (पुढची आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती) तेव्हा डॉ. लुई अपिया यांना प्रशियाच्या, तर डच कप्तान व्हान डे व्हेल्डे यांना डेन्मार्कच्या बाजूला प्रतिनिधी म्हणून धाडले. दुसरे मत नायजेरियातील बिआफ्रा युद्धाला (१९६७–७०) आणि त्यातून परतलेल्या डॉक्टरांनी पत्रकारांसह १९७१ मध्ये पॅरिसला स्थापन केलेल्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ (सीमांपलीकडचे डॉक्टर) या वैद्यकीय मदतसंस्थेला महत्त्व देते. मात्र दोन्ही ठिकाणी प्रेरणा स्वयंसेवेची होती. पगार, बढती, प्रशिक्षण आणि लेखी मानके यांचा विचार करता कारकीर्द म्हणावी असे रूप या कामाला साधारणपणे १९९० च्या दशकात आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मदतसंस्थांची आचारसंहिता १९९४ ची, तर मदतकार्याची किमान मानके ठरविणारा ‘स्फिअर’ प्रकल्प १९९७ चा आहे.

मोजमापासाठी ग्रीनहाउस, परशुरामन व वर्मली यांची पाच विधानांची श्रेणी (१९९०) वापरता येते. आजवरचे यश, एकूण उद्दिष्टांकडे वाटचाल, मिळकत, बढती आणि नवी कौशल्ये यांबद्दल उत्तरदात्याने आपले समाधान नोंदवायचे असते. मदतकर्मीच्या बाबतीत बढतीचे विधान अडते. सहा महिन्यांच्या करारावर छावणीत गेलेल्या परिचारिकेला बढती म्हणजे काय, तर पुढचा करार; तोही बहुधा दुसऱ्याच देशात. हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धांतानुसार (१९५९) समाधान कामाच्या आशयातून येते, असमाधान पगार, देखरेख, कामाची परिस्थिती यांतून. त्यामुळे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. कुटुंब नेण्यास मनाई असलेली ठाणी आणि घरी परतल्यावर तुटलेला व्यावसायिक संपर्क ही असमाधानाची ठळक कारणे होत.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचे. १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने (काँग्रेसने) चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. त्याच पथकातील डॉ. चोळकर नागपूरचे. कोटणीस मात्र मागे राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथेच वारले. अर्थात त्यांची निष्ठा राजकीयही असल्याने आजच्या मुदतबंद मदतकर्मीशी त्यांची तुलना मर्यादितच ठरते.

मदतसंस्थांचे बहुसंख्य कर्मचारी स्थानिक असतात. त्यांच्या वेतनश्रेणी व सुरक्षेच्या तरतुदी निराळ्या असल्याने त्यांचा समावेश या संज्ञेत केला जात नाही.