मणक्यातील कर्करोग: आधी शस्त्रक्रिया की आधी शेक?

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग पाठीच्या कण्यात कसा पोचतो, याचे एक स्पष्टीकरण १९४० मध्ये पुढे आले: कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसल्याने पोटातील दाब वाढला की रक्त उलट्या दिशेनेही वाहू शकते. पुढची काही दशके मुख्य उपचार म्हणजे मणक्याची मागील कमान काढून मज्जारज्जूवरचा दाब कमी करणे, हा होता. गाठ बहुधा मणक्याच्या पुढच्या भागात असल्याने दाब पुरता सुटत नसे आणि शाबूत असलेला मागचा आधार मात्र जाई. त्यामुळे १९८० च्या सुमारास केवळ शेक, म्हणजे रेडिएशन, हाच मुख्य उपचार ठरला.

हे चित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने पालटले आणि आजचा बराचसा वाद तिच्याभोवतीच फिरतो. तिच्यात १०१ रुग्ण होते. मज्जारज्जूवरचा दाब सर्व बाजूंनी थेट काढून, गरज पडेल तिथे कणा स्थिर करून मग शेक दिलेल्यांपैकी ८४ टक्के, तर केवळ शेक घेतलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. फरक इतका होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. मात्र लिम्फोमासारख्या (लसिकापेशींचा कर्करोग), शेकाने झपाट्याने विरघळणाऱ्या गाठी तिच्यातून वगळल्या होत्या. पाय पूर्ण लुळे होऊन ४८ तास उलटलेले रुग्णही नव्हते. शिवाय इतके थोडे रुग्ण गोळा व्हायला सुमारे दहा वर्षे लागली आणि नंतरच्या विश्लेषणात वयस्कर रुग्णांत शस्त्रक्रियेचा फायदा दिसेनासा झाला. तरीही तिचे आकडे सर्वांना लागू असल्यासारखे सांगितले जातात, हे प्रस्तुत लेखकाला खटकते.

नंतरच्या घडामोडींनी प्रश्न अधिक नेमका केला. मणका कितपत डळमळीत आहे हे ठरवणारी ० ते १८ गुणांची मोजणी २०१० मध्ये आली. १३ किंवा अधिक गुण म्हणजे कणा अस्थिर, आणि अस्थिर कणा शेकाने सावरत नाही. दुसरीकडे, थोडे आयुष्य उरलेल्यांना पाच दिवस खेटे घालायला लावण्यापेक्षा ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) एकच शेक पुरतो का, हे तपासणाऱ्या २०१९ च्या चाचणीत आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचे प्रमाण एकाच शेकाने सुमारे ६९ आणि पाच दिवसांच्या शेकाने सुमारे ७३ टक्के निघाले. आकडे जवळचे असले तरी दोन्ही पद्धती तुल्यबळ ठरवण्यासाठी आखलेली मर्यादा थोडक्यात हुकली.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात गोंधळ याच्याही आधी सुरू होतो. खारघरला शासकीय कर्करोग संकुल आहे, पण कळवा, मुंब्रा किंवा ऐरोलीतला रुग्ण पाठदुखी घेऊन प्रथम जवळच्या दवाखान्यात जातो. तेथे साध्या एक्स-रेवर विसंबले जाते आणि हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झिजेपर्यंत एक्स-रेत फारसे दिसत नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षयही मोठ्या प्रमाणावर आढळतो. एमआरआयमध्ये क्षयाचा बहुधा दोन मणक्यांमधील चकतीवर हल्ला दिसतो, तर कर्करोगात चकती सहसा वाचलेली असते. पण हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. म्हणून बायॉप्सीविना, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याविना, क्षयाच्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे ठरते. हातपाय कमजोर होऊ लागल्यावर स्टिरॉइड तातडीने द्यावेच लागते. मात्र लिम्फोमाचा संशय असेल आणि नसांवरचा दाब वाढत नसेल, तर ते बायॉप्सीनंतर देणे श्रेयस्कर, कारण स्टिरॉइडने गाठ आक्रसते आणि तुकड्यातून काहीच कळेनासे होते.