ऱ्हाईनचं पाणी लाल होण्याआधीची गोष्ट

१ नोव्हेंबर १९८६ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराजवळ, ऱ्हाईन नदीच्या काठी श्वाइत्सरहाले इथे सॅन्डोझ कंपनीचं ९५६ क्रमांकाचं गोदाम पेटलं. ठाण्यात कोलशेतकडे राहणाऱ्यांना या कंपनीचं नाव नवं नाही, ‘सॅन्डोझ बाग’ त्यांच्या रोजच्या बोलण्यातली. गोदामात साडेतेराशे टनांच्या आसपास रसायनं होती, त्यांत मोठा वाटा कीटकनाशकांचा. डायसल्फोटॉन, थायोमेटॉन ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली, म्हणजे किड्यांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारी औषधं आणि सोबतीला पारायुक्त बुरशीनाशकं.

अग्निशमन दलाने सकाळपर्यंत आग विझवली. नदीचा घात झाला तो आग विझवणाऱ्या पाण्यानेच. बंबांनी मारलेलं हजारो घनमीटर पाणी गोदामातला माल धुऊन घेत गटारात उतरलं आणि तिथून थेट ऱ्हाईनमध्ये गेलं. मधे ते अडवायला पुरेसा हौदच नव्हता. ही उणीव १९८१ मध्येच एका विमा कंपनीच्या तपासणीत दाखवून देण्यात आली होती. सोबत वाहून गेलेल्या ऱ्होडामाइन रंगाने नदी लाल झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना फोटो मिळाला. पण मासे मेले ते रंगाने नव्हे. दीडेक लाख ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे, मेले, तेही चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये नदीवरून पिण्याचं पाणी उचलणं बंद करावं लागलं.

लोक खवळले त्यालाही कारण होतं. भोपाळला पुरती दोन वर्षं झाली नव्हती आणि चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात त्याच वर्षीच्या एप्रिलमधला. बाझलमध्ये ‘चेर्नोबाल’ अशा घोषणा झाल्या, बाल हे बाझलचंच फ्रेंच नाव.

खरं तर ऱ्हाईनला हा प्रकार नवा नव्हता. जून १९६९ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक नदीत गेलं आणि जर्मनीपासून नेदरलँड्सपर्यंत माशांचा खच पडला. तेच एंडोसल्फान पुढे केरळात कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून फवारलं जात होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली ती २०११ मध्ये.

आणि नदीला वाली नव्हता असंही नाही. काठच्या देशांचा आयोग १९५० पासून होता, १९६३ मध्ये बर्नला त्याचा करार झाला, १९७६ मध्ये रासायनिक प्रदूषणाविरुद्ध वेगळा करार झाला. पाण्याचे नमुने घेतले जात, बैठका होत, आणि खर्च कोणी करायचा यावर घोडं अडे. आगीनंतर मात्र चक्रं भराभर फिरली. १९८७ मध्ये सगळ्या देशांनी ‘ऱ्हाईन कृती कार्यक्रम’ मंजूर केला. त्यातलं उद्दिष्ट कोणालाही कळेल असं होतं: २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे. माझ्या मते कार्यक्रमाचं निम्मं यश या एका वाक्यात आहे, कारण मासा आला की नाही हे अहवाल न वाचताही दिसतं. कारखान्यांना आगीचं पाणी साठवायला हौद बांधावे लागले, वरच्या देशाने खालच्याला तातडीने कळवायची यंत्रणा कडक झाली. सामन परतलाही, पण वाटेतल्या धरणांमुळे बाझलपर्यंत पोचणं त्याला अजून जड जातं.

गोदामांचा प्रश्न असा बराचसा सुटला. शेतांचा सुटलेला नाही. पाऊस पडला की काठच्या शेतांतली तणनाशकं ओढ्यानाल्यांतून थोडी थोडी नदीत उतरतात. त्यांना ना गोदाम क्रमांक, ना हौद.