बिऱ्हाड हलतं, पण लांब जात नाही

लंडनच्या पूर्व भागातल्या बेथनल ग्रीनमध्ये 1880 च्या दशकात शालेय मंडळाचे निरीक्षक दारोदार फिरून मुलांची नोंद ठेवायचे. त्यांतल्या एकाच्या वहीत 1,204 कुटुंबं होती. एका वर्षात त्यांपैकी 530 कुटुंबांनी घर बदललं. निरीक्षकाची वही म्हणजे सगळी खाडाखोड झाली असणार! चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीच्या पाहणीत हा आकडा दिला आणि त्याला एक निरीक्षणही जोडलं. ही माणसं सारखी हलतात, पण लांब जात नाहीत. पिढ्यानपिढ्या त्याच चार रस्त्यांना धरून असतात, जणू ते रस्ते म्हणजे एक वेगळं खेडंच.

कारणं उघड होती. सगळा संसार एका हातगाडीवर मावायचा, त्यामुळे हलणं सोपं होतं. लांब जाणं मात्र परवडणारं नव्हतं. गोदीत रोजंदारीचं काम मिळवायचं तर सकाळी फाटकाशी हजर असावं लागे. दुकानदार उधार द्यायचा तो तोंडओळखीवर, आणि ती ओळख दोन मैलांपलीकडे चालत नसे.

त्याच्याही आधी कायदाच आडवा येत होता. इंग्लंडमध्ये गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे स्थानिक धर्मग्रामावर असे. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस म्हणजे उद्याचा खर्च. 1662 च्या कायद्यानुसार, वर्षाला 10 पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात उतरलेल्या माणसाला तक्रार आल्यास 40 दिवसांच्या आत परत पाठवता येई. गुन्हा काही नाही, नुसता ‘पुढे मदत मागेल’ हा संशय पुरे. ही अट 1795 मध्ये सैल झाली; त्यानंतर प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत हाकलता येईना. तरी हद्दीच्या आत बिऱ्हाड फिरवणं निर्धोक आणि हद्द ओलांडणं जोखमीचं, हा हिशेब पुष्कळ काळ टिकला.

माणसं किती लांब जातात याचा पद्धतशीर अभ्यास मात्र 1885 चा. अर्न्स्ट जॉर्ज रावेनस्टाइन हे जन्माने जर्मन, ब्रिटिश युद्धखात्यात नकाशे करणारे गृहस्थ. स्थलांतराला काही ठरावीक नियम दिसत नाही, अशी टिप्पणी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी केली होती. तेवढं निमित्त रावेनस्टाइन यांना पुरलं. जनगणनेतल्या जन्मस्थानाच्या नोंदी त्यांनी नकाशावर मांडल्या आणि पहिलाच नियम काढला: स्थलांतर करणाऱ्यांतले बहुसंख्य थोडंच अंतर जातात. शहराजवळची माणसं शहरात शिरतात, त्यांची रिकामी जागा आणखी मागची माणसं भरतात, असं सगळं पायरीपायरीने सरकतं. जवळच्या अंतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त हलतात, हेही त्यांनी नोंदवलं. 1889 मध्ये त्यांनी हाच अभ्यास वीसहून अधिक देशांपर्यंत नेला.

पण या मोजणीत एक मेख होती, आणि माझ्या मते ती अजूनही पुरती सुटलेली नाही. जनगणनेला अंतर दिसत नाही, तिला हद्द दिसते. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या परगण्यात गेलेलं कुटुंब ‘स्थलांतरित’ ठरतं. त्याच परगण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलेलं कुटुंब जागचं हललंच नाही असं धरलं जातं. बेथनल ग्रीनमधली ती 530 कुटुंबं अशा तक्त्यात बहुधा कुठेच दिसली नसती.

सरासरीही फसवते. समजा, नऊ कुटुंबं दोन-दोन किलोमीटर हलली आणि एक 500 किलोमीटर गेलं. सरासरी निघते जवळजवळ 52 किलोमीटर, आणि एवढं अंतर तर कोणीच गेलेलं नसतं.

1940 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांनी प्रश्नच फिरवला. मैल मोजू नका, वाटेत किती संधी लागतात ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. क्लीव्हलंडमधल्या भाडेकरूंच्या नोंदींवर त्यांनी ते पडताळलं. मनाजोगं, परवडणारं घर पुढच्याच चौकात रिकामं असेल तर माणूस तिथेच थांबतो. तसं घर नसेल तर पुढे सरकतो. घर शोधत पायपीट केलेल्या कोणालाही हे पटावं.

मग 1955 मध्ये पीटर रॉसी यांनी फिलाडेल्फियातल्या कुटुंबांच्या पाहणीतून दाखवलं की घर बदलण्यामागे बहुतेकदा घरच असतं: मूल झालं, खोली अपुरी पडली, संसार वाढला. अशा माणसाला नोकरी, शाळा, शेजार बदलायचा नसतो, त्याला फक्त आणखी एक खोली हवी असते. लांबचं अंतर सहसा नोकरी आणि शिक्षणासाठी तोडलं जातं.

जनगणनेतून निसटलेल्या हालचाली पुढे वेगळ्याच वाटेने हाती आल्या. कॉलिन पूली आणि जीन टर्नबुल यांनी ब्रिटनमध्ये आपापल्या घराण्याचा इतिहास खणणाऱ्या हौशी लोकांकडून 16 हजारांहून अधिक पूर्वजांची चरित्रं गोळा केली. 1750 ते 1930 या काळात जन्मलेल्या या माणसांच्या 73 हजारांहून अधिक घरबदलांत जवळच्या हालचालींचंच प्राबल्य निघालं. रेल्वे आली, तरीही.

अमेरिकेची ख्याती सतत फिरणाऱ्यांचा देश अशी. तिथे 1948 च्या सुमारास दर वर्षी पाचातला एक जण घर बदलायचा. 2019 पर्यंत हे प्रमाण दहातल्या एकाच्याही खाली आलं. हलणाऱ्यांतले बहुतेक त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतात. 2022 मध्ये तिथल्या जनगणना विभागाने आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 26 वर्षांच्या तरुणांची नोंद तपासली, तेव्हा दहातले जवळजवळ सहा जण लहानपणच्या घरापासून 10 मैलांच्या आतच निघाले.

2020 च्या महासाथीत मोठी शहरं रिकामी होऊन माणसं दूरच्या गावांकडे निघाल्याचा गाजावाजा झाला. टपालखात्याकडे दिलेले पत्ताबदलाचे अर्ज अर्जुन रमाणी आणि निकोलस ब्लूम यांनी पाहिले. मोठ्या अमेरिकी शहरांच्या मध्यभागातून माणसं खरंच बाहेर पडली होती, पण त्यांतले पुष्कळ जण त्याच शहराच्या उपनगरांत उतरले होते.