फ्युएल पंप: नुसती मोटर टाकायची की अख्खी असेंब्ली?

कुर्ल्याला सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसला दोन-चार दुकानांत फोन लावून "जुन्या गाडीचा फ्युएल पंप कितीला?" असं विचारून बघा. एक जण जो भाव सांगेल त्याच्या कितीतरी पट दुसरा सांगेल आणि आपल्याला वाटणार हा लुटतोय. बऱ्याचदा तसं नसतं. पहिला नुसत्या मोटरचा भाव सांगत असतो, दुसरा पूर्ण असेंब्लीचा, आणि दोघंही त्याला फ्युएल पंपच म्हणतात. म्हणून भाव नंतर, आधी विचारायचं "शेठ, मोटर की असेंब्ली?"

असेंब्ली म्हणजे मागच्या सीटखालचं झाकण उघडलं की टाकीत उभं बसलेलं ते प्लॅस्टिकचं डबडं, पूर्ण. (काही गाड्यांना झाकण नसतं, टाकीच उतरवावी लागते, तिथे मजुरी वेगळी.) वरती फ्लँज (टाकीच्या तोंडावर घट्ट बसणारी चकती), त्यावर पाइपची तोंडं आणि वायरिंगचा कनेक्टर, बाजूला डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा हलवणारा फ्लोट, तळाला जाळी, काही गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर आणि फिल्टरपण आतच, आणि या सगळ्याच्या पोटात मोटर. मोटर म्हणजे अंगठ्यापेक्षा जाड, धातूचं नळकांडं, खालून पेट्रोल ओढतं आणि वरून ढकलतं, बऱ्याच एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत साधारण ३ बार प्रेशरने.

आता पंप गेला असं मेकॅनिक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गेलेली असते ती मोटर. बाकीचं डबडं ठीक असेल तर तेवढ्यासाठी असेंब्लीचे पैसे कशाला? पण डबडं ठीक आहे हे बाहेर काढून बघितल्याशिवाय कळत नाही. पंधरा-अठरा वर्षं पेट्रोलमध्ये राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, मोटर काढायला लॉक दाबले की कटकन तुटतात आणि मग मेकॅनिक केबल टाय मारून देतो, तसं चालवू नका. फ्लँजला बारीक चीर, कनेक्टरची पिन काळी पडलेली, काटा आधीपासूनच वेडावाकडा चालणारा, यातलं काहीही असेल तर सरळ असेंब्ली घ्या. रेग्युलेटर आत असेल आणि प्रेशर त्याच्यामुळे पडत असेल, शिवाय तो सुटा मिळत नसेल, तरीही असेंब्लीच.

नुसती मोटर टाकताना खरी गडबड होते ती मोटर ते फ्लँज या वीतभर पाइपमध्ये, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. तो पाइप आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. दुकानात मीटरवर मिळणारा साधा फ्युएल पाइप फक्त आतून पेट्रोल सोसतो, बाहेरचं रबर बुडवून ठेवायला बनवलेलंच नसतं, ते काही महिन्यांत फुगतं, मऊ पडतं, क्लिपखालून प्रेशर टाकीतच गळायला लागतं आणि शिव्या खाते नवी मोटर! टाकीत बुडून राहणारा पाइप वेगळा येतो, त्यावर एसएई ३०आर१० असं छापलेलं असतं, तोच मागा. त्यात आता पेट्रोल पंपावर ई२० पेट्रोल मिळतं म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुन्या रबराला ते आणखी मानवत नाही, टाकीच्या तळाचा जुना गाळही सुटतो. त्यामुळे जाळी आणि फ्लँजखालचं सील ही दोन्ही नवीनच टाका, तिथे पैसे वाचवू नका. पावसाळ्यात तर सील नीट नसेल तर वरून पाणी आत जाऊ शकतं.

बरं, मोटर कुठली घ्यायची. दुकानात "ओरिजिनल है साब" हे दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, म्हणजे जेन्युइन. दुसरा, बॉश, डेन्सोसारख्या पंप बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या खोक्यातला, ज्याला ओईएम म्हणतात. गाडीवाली कंपनी पंप स्वतः बनवत नाही, अशाच कोणाकडून घेते, त्यामुळे ओईएम स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त जुन्या मोटरवर कोरलेला नंबर आणि नवीनचा नंबर जुळवून. नंबर पुसला असेल तर प्रेशर, लांबी, व्यास आणि कनेक्टर हे चारही जुळले पाहिजेत. तिसरा प्रकार लोकल असेंब्ली, चकाचक, सगळं नवीन, भाव ओईएम मोटरच्या आसपास, मोह होतोच. माझं मत विचाराल तर चांगल्या मेकची नुसती मोटर जुन्या धडधाकट डबड्यात कधीही बरी, कारण लोकल असेंब्लीत आतली मोटर कुठली ते तुम्हाला कळत नाही आणि फ्लोट गाडीशी जुळला नाही तर काटा खोटं दाखवत राहतो.

दुकानदार बॅटरीला दोन वायरी लावून मोटर फिरवून दाखवतो. त्यातून मोटर फिरते एवढंच कळतं, प्रेशर देते की नाही ते नाही कळत, आणि कोरडी फिरवणं तिला चांगलं नाही कारण पेट्रोलच तिला थंड ठेवतं. म्हणूनच सीएनजी किटवाल्या गाड्यांचे पंप इतके जातात. काही किट सीएनजीवर फक्त इंजेक्टर बंद करतात, पंप मागे चालूच, आणि मालक टाकीत शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून महिनाभर फिरतो. नवीन मोटर टाकायच्या आधी किटवाल्याला विचारा, सीएनजीवर पंप कट होतो का, नसेल तर रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून होईल का. तोपर्यंत पाव टाकी तरी ठेवा.

आणि मुळात पंपच गेलाय का ते बघा हो. चावी ऑन केली की दोनेक सेकंद मागून घूं असा आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग कनेक्टरवर व्होल्टेज. बॅटरीला साडेबारा आणि पंपावर दहा येत असेल तर अर्थिंग नाहीतर वायर खराब आहे, नवीन मोटरसुद्धा तशीच रडत चालेल. आवाज येतो पण फ्लायओव्हर चढताना गाडी दम टाकते, तर फिल्टर आणि जाळी बघा, मग गेज लावून प्रेशर.

कोणाकडे अजून प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे इंजिनला लागून कॅमवर चालणारा डायफ्रॅमचा पंप असतो, प्रेशर जेमतेम पाव बार. काही जण तिथे इलेक्ट्रिक पंप लावतात, लावा, पण कार्ब्युरेटरसाठीचाच. एमपीएफआयची ३ बारवाली मोटर लावली तर कार्ब्युरेटरची सुई ते प्रेशर अडवू शकत नाही, पेट्रोल गरम इंजिनवर ओसंडतं आणि गाडी पेटू शकते.

काम करून घेताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायला सांगा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढून झाकण उघडायचं, आणि त्या वेळी आजूबाजूला कोणी बिडी ओढत नाहीये ना तेही बघा. "इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही" हा बोर्ड बऱ्याच दुकानांत असतो, त्यामुळे वॉरंटी किती आणि कोणाची ते बिलावर लिहून घ्या आणि जुनी मोटर सोबत नेऊन काउंटरवरच शेजारी ठेवून जुळवा.