घळईच्या काठावर कोणती लेन्स?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर उभे राहिले की तो अफाट पसारा एकाच चौकटीत बसवावा असे वाटते आणि हात आपोआप विस्तृत दृश्य टिपणाऱ्या वाइड अँगल लेन्सकडे जातो. नंतर छायाचित्र पाहताना मात्र वर भरपूर आकाश, खाली पायाजवळचे खडक आणि मधोमध घळईची बारीक पट्टी एवढेच दिसते. यामागे साधी भूमिती आहे.

समोरचा काठ सरासरी १६ किलोमीटर दूर आहे आणि घळईची खोली सुमारे १.६ किलोमीटर, म्हणजे त्या अंतराच्या एक दशांश. दूरच्या वस्तूची उंची तिच्या अंतराने भागून लेन्सच्या नाभीय अंतराने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) गुणली की सेन्सरवरील, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरील, प्रतिमेची उंची मिळते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर २४ मिमी उंच असतो. १६ मिमीच्या लेन्सने ती अजस्र भिंत त्यातील जेमतेम १.६ मिमी व्यापते, तर १०० मिमीच्या लेन्सने १० मिमी. म्हणूनच काठावर मी ७० ते २०० मिमीची झूम लेन्स आधी हातात घेईन. तिच्यात सगळी घळई मावत नाही, पण एकामागे एक उभे असलेले सुळके आणि खडकांचे थर त्यांच्या खऱ्या भारदस्तपणासह दिसतात. टेलिफोटो (लांब नाभीय अंतराची) लेन्स अंतरे दाबून टाकते, असे अनेकदा म्हटले जाते; वास्तविक वस्तूंचे एकमेकींच्या तुलनेतील आकार आपण कुठे उभे आहोत यावरच ठरतात आणि लेन्स त्या दृश्याचा फक्त लहान किंवा मोठा तुकडा कापून घेते.

लांब लेन्सची अडचण हवेमुळे येते. हवेचे रेणू निळ्या प्रकाशाचे विकिरण (सर्व दिशांना विखुरणे) तांबड्याच्या सुमारे चौपट करतात, त्यामुळे दूरच्या कड्यांवर निळसर पडदा चढतो. शिवाय दुपारी तापलेल्या खडकांवरून उठणारी हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्सने टिपलेले बारकावे पुसट होतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास यासाठी उत्तम, कारण तेव्हा हवा बरीच स्थिर असते आणि तिरप्या उन्हात प्रत्येक थराची सावली वेगळी उठून दिसते.

त्याच राज्यातील अँटिलोप कॅन्यनमध्ये हे सगळे गणित उलटते. अचानक येणाऱ्या पुरांनी वालुकाश्मात कोरलेल्या या चिंचोळ्या घळीत भिंत काही पावलांवरच असते. कॅमेरा उभा धरून तीन मीटरवरून ५० मिमीच्या लेन्सने भिंतीचा सुमारे २.२ मीटर उंच भाग टिपता येतो, तर १६ मिमीने जवळजवळ ६.८ मीटर. येथे वाइड अँगलला पर्याय नाही. प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर परावर्तित होत खाली येतो आणि खडक प्रत्येक वेळी निळा भाग शोषत गेल्याने नारिंगी रंग गडद होत जातो. तो टिकवायचा असेल, तर वरच्या आकाशाची झगझगीत फट चौकटीबाहेर ठेवावी.

जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट हवे असेल, तर १६ मिमीची लेन्स एफ/११ वर (हे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, म्हणजे ॲपर्चरचे, माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवून सुमारे ८० सेंटीमीटरवर फोकस केल्यास ४० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंतचे सारे पुरेसे रेखीव येते. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत लहान करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तेथे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण चित्रच मऊ पडते. आणि लेन्स घळीत शिरण्यापूर्वीच निवडून लावावी; आत वरून बारीक वाळू झिरपत असते आणि लेन्स बदलताना ती थेट सेन्सरवर जाऊन बसते.